प्रेग्नन्सी किटपासून कॅन्सरच्या औषधापर्यंत सगळीकडे यांचा शोध वापरतात, पण त्याचं पेटंटच घेतलं गेलं नाही

घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली की काही मिनिटांत रेषा उमटतात. कोविडच्या रॅपिड किटमध्येही आपण तेच पाहिलं. या रेषांमागे काम करतात मोनोक्लोनल अँटीबॉडी. त्या बनवण्याची युक्ती ज्या दोघांनी शोधली, त्यातले एक म्हणजे सेझार मिलस्टीन.

मिलस्टीन यांचा जन्म १९२७ चा, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका शहरातला. केंब्रिजमध्ये संशोधन करून १९६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि एका सरकारी संस्थेत विभागप्रमुख झाले. पण पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता उलथवली. संस्थेतल्या लोकांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा मिलस्टीन यांनी राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये पुन्हा केंब्रिज गाठलं.

आता मूळ अडचण समजून घेऊ. रक्तात अँटीबॉडीची भेसळ असते, म्हणजे हजारो प्रकार एकत्र. शरीरातली एक बी-पेशी मात्र एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवते. मग तीच पेशी वाढवायची ना? पण प्रयोगशाळेत ती काही दिवसांतच मरते. याउलट कॅन्सरची पेशी वाढतच राहते.

१९७५ मध्ये मिलस्टीन आणि जर्मनीचे तरुण संशोधक जॉर्ज कोलर यांनी या दोन पेशी एकत्र जोडल्या. तयार झाली हायब्रिडोमा पेशी. ही मरतही नाही आणि हवी तीच अँटीबॉडी देत राहते.

खरी गंमत पुढे आहे. या शोधाची माहिती ब्रिटनमध्ये पेटंटचं काम पाहणाऱ्या सरकारी महामंडळाला दिली होती, पण त्यांना यात धंदा दिसला नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये संशोधन 'नेचर'मध्ये छापून आलं आणि पेटंटचा विषयच संपला. मिलस्टीन यांनी या पेशी मागतील त्या शास्त्रज्ञांना देऊन टाकल्या.

त्यामुळे जगभरातल्या लॅबमध्ये हे तंत्र झपाट्याने पसरलं. आज शरीरातली सूज मोजणाऱ्या कितीतरी टेस्टमध्ये याच अँटीबॉडी असतात. संधिवातावरचं अडालिमुमॅब, ब्रेस्ट कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब, यातलं 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडीच. ही औषधं विकून कंपन्यांनी अब्जावधी डॉलर कमावले.

मिलस्टीन आणि कोलर यांना १९८४ चं नोबेल मिळालं, सोबत नील्स येर्ने होते. कोलर १९९५ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. मिलस्टीन यांचं निधन २००२ मध्ये केंब्रिजमध्येच झालं.