थॉमस मिज्ली व इंजिनाचा ठोका

विद्यार्थिमित्रहो, मेहकरहून आपल्या बीबी गावावरून सिंदखेडराजाकडे जाणारी एखादी जुनी पेट्रोलची मोटार, माणसांनीं भरलेली, चढावर कुंथूं लागली म्हणजे तिच्या इंजिनांतून टकटक असा धातूचा आवाज येतो. कारागीर त्यास नॉकिंग म्हणतात. ह्या ठोक्याच्या पाठीमागें ज्यानें उमेदीचीं वर्षें वेंचलीं, त्या थॉमस मिज्ली नामक अमेरिकन संशोधकाचें चरित्र आज आम्ही तुमच्यापुढें ठेवीत आहों. त्याच्या यशापासून जितकें शिकण्यासारखें आहे, तितकेंच त्याच्या चुकीपासूनहि आहे.

मिज्लीचा जन्म १८ मे १८८९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील बीव्हर फॉल्स येथें झाला. त्याचे वडीलहि संशोधक वृत्तीचे होते. १९११ सालीं त्यानें कॉर्नेल विद्यापीठाची यंत्रशास्त्राची पदवी घेतली. पुढें ज्या रसायनशास्त्रानें त्यास कीर्ति दिली, तें त्यानें बहुतांशीं स्वतःच्या अभ्यासानें संपादन केलें. १९१६ मध्यें तो डेटन शहरीं चार्ल्स केटरिंग ह्याच्या हाताखालीं कामास लागला. केटरिंग ह्यानें मोटारीचा विजेचा स्टार्टर प्रचारांत आणला होता, आणि इंजिनांतील ठोक्याचा दोष लोक त्याच्याच विद्युत्-यंत्रणेस देत. खरें कारण शोधण्याचें काम त्यानें तरुण मिज्लीवर सोंपविलें.

हा ठोका कां होतो, तें थोडक्यांत सांगतों. इंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ ह्यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें. मग ठिणगी पडते व ज्योत क्रमाक्रमानें पसरत जाते. परंतु दाब व उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप एकदम पेट घेतें. त्या दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात, तोच हा आवाज. तो असाच चालूं दिला तर दट्ट्यास भोंकहि पडतें. इंजिनाची शक्ति वाढवावयाची तर मिश्रण अधिक दाबावें लागे, आणि अधिक दाबावें तर ठोका वाढे.

पानें तांबूस असलेलें एक रानफूल थंडींतच लवकर फुलतें. तेव्हां इंधनास तांबडा रंग दिला तर तें उष्णता लवकर शोषून घेईल, अशी कल्पना ह्या दोघांस सुचली. योग्य रंग हाताशीं नव्हता, म्हणून मिज्लीनें आयोडीन घातलें, आणि ठोका खरोखरच कमी झाला. पण मिज्ली तेवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें दुसरे रंग घालून पाहिले; त्यांनीं कांहींच घडेना. म्हणजे गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता. मनास आवडलेली कल्पना प्रयोगापुढें सोडून देणें ह्यास मोठें धैर्य लागतें.

ठोका केवळ कानानें ऐकून भागेना, तो मोजतां यावयास हवा होता. म्हणून मिज्ली व त्याचा सहकारी बॉइड ह्यांनीं एक युक्ति काढली. सिलिंडरला लागून असलेल्या पातळ पडद्यावर पोलादाची एक कांडी उभी ठेवीत. ठोका झाला कीं ती उडून विजेचा मार्ग जोडी. त्या विजेनें एका पात्रांत वायु निर्माण होई, व त्या वायूच्या मापावरून ठोक्याचें माप कळे.

अनेक पदार्थ पारखल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग, टेट्राएथिल लेड, त्याच्या हातीं आलें. गॅलनभर पेट्रोलास सुमारें ३ घन सेंटिमीटर पुरे. फेब्रुवारी १९२३ मध्यें असें पेट्रोल विकलें जाऊं लागलें, आणि त्याच वर्षीं इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटार-शर्यतींत पहिल्या तिन्ही मोटारी त्याच पेट्रोलवर धांवल्या.

परंतु शिसें हें विष आहे, हें फार पूर्वींपासून ज्ञात होतें. १९२२ पासूनच कांहीं शास्त्रज्ञांनीं धोक्याची सूचना दिली. १९२३ च्या आरंभीं स्वतः मिज्लीस शिशाच्या बाधेमुळें विश्रांतीसाठीं दूर जावें लागलें. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील एका कारखान्यांत ह्या विषानें पांच कामगार मेले. त्यावर मिज्लीनें वार्ताहरांसमोर तें द्रव्य हातांवर चोळलें व सुमारें एक मिनिट हुंगून दाखविलें. मद्यार्क मिसळल्यानेंहि ठोका थांबतो, हें त्यास ठाऊक होतें. पण त्याचें प्रमाण फार लागे, आणि शिशाच्या संयुगाचें पेटंट मिळे.

पुढें त्यानेंच शीतयंत्रांसाठीं फ्रिऑन हा वायु शोधिला. त्या जातीच्या वायूंनीं ओझोनच्या थराचा नाश होतो, हें त्याच्या मृत्यूनंतर १९७४ सालीं उघड झालें. १९४० मध्यें त्यास पोलिओ झाला. अंथरुणांतून उठतां यावें म्हणून त्यानें दोऱ्या व कप्प्या ह्यांची योजना केली, आणि २ नोव्हेंबर १९४४ रोजीं त्याच दोऱ्यांत गळा अडकून तो मरण पावला. जगभर हवेंत पसरलेल्या शिशानें लहान मुलांच्या बुद्धीवर घाला घातला. आपल्या देशांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, जगांत शेवटीं अल्जीरियांत २०२१ सालीं. आज आपल्या पेट्रोलांत तोच मद्यार्क, इथेनॉल, मिसळला जातो.

त्या उडत्या कांडीचा वारस मात्र आजच्या मोटारींत आहे. इंजिनास घट्ट बसविलेल्या नॉक सेन्सरमधील द्रव्यास हादरा बसला कीं त्यांतून सूक्ष्म वीज निघते. मोटारींतील संगणक ती ओळखून ठिणगी किंचित् उशिरां पाडतो व ठोका थांबवितो. शर्यतीच्या मोटारींत इतर खडखडाट फार, म्हणून हा कान कधीं कधीं फसतो व शक्ति उगाच घटते. अशा वेळीं जाणता कारागीर त्याच्या जोडणींत बदल करून, ठोक्याचा नेमका स्वर नेमक्या क्षणींच ऐकला जावा, अशी व्यवस्था करितो. उतावळा मनुष्य तारेंत अडथळा घालून तो कानच बुजवितो. त्यास क्षणभर वेग मिळतो, आणि मग फुटका दट्ट्या हातीं येतो.

मिज्लीनें यंत्राचा बारीकसा ठोका जिवाचे कान करून ऐकला. आजारी पडलेल्या कामगारांची सूचना मात्र त्यानें ऐकली नाहीं. मुलांनो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां कारखान्यांत, कोणी प्रयोगशाळेंत जाल. हातून कौशल्याचें काम होत असतां कोणी धोका दाखविला, तर त्याचें तोंड बंद करूं नका. थांबा, ऐका आणि मग पुढें जा, एवढेंच आमचें सांगणें आहे.