ताटीबाहेरची मुक्ताई



आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातलं, तेरावा श्लोक. भगवंताला कोणता भक्त आवडतो, त्याची लक्षणं इथून सुरू होतात. यादीत पहिलं लक्षण कोणतं असेल? पूजा नाही, उपवास नाही, पाठांतरही नाही. कोणत्याही जीवाचा द्वेष न करणं हे पहिलं. त्याला लागून मैत्री आणि मग करुणा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मनातला द्वेष जायला हवा, तरच करुणेला बसायला जागा मिळते.

हे वाचताना डोळ्यांसमोर एक लहान मुलगी येते. आपण तिला संत मुक्ताबाई म्हणतो, वारकरी मुक्ताई म्हणतात. आज तिचंच चरित्र थोडं सांगतो. चमत्कारांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकल्यात. आज तिच्या वयाकडे लक्ष ठेवून वाचूया.

मुक्ताईचा जन्म रूढ मतानुसार 1279 चा. चार भावंडांत ती धाकटी. निवृत्तीनाथ 1273, ज्ञानदेव 1275, सोपानदेव 1277 आणि मग ही. वडील विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे, आई रुक्मिणी आळंदीची. विठ्ठलपंतांनी लग्नानंतर काशीला जाऊन संन्यास घेतला होता. घरी पत्नी आहे हे गुरूंना कळलं तेव्हा त्यांनीच त्यांना परत संसारात पाठवलं. गुरूची आज्ञा पाळून माणूस घरी आला, पण गावाने ते मान्य केलं नाही. कुटुंब वाळीत पडलं. मुलं झाली ती संन्याशाची पोरं म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

वाळीत टाकणं म्हणजे काय, याचा आपल्याला आज नीट अंदाज येत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोणी काढलं तर आपली झोप उडते. इथे पाणी, भिक्षा, शेजार, खेळगडी, मुंज, सगळंच बंद. मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून आईवडिलांनी शास्त्रींना विचारलं, तर प्रायश्चित्त सांगण्यात आलं देहत्यागाचं. परंपरा सांगते की दोघांनी ते स्वीकारलं आणि प्रयागला जलसमाधी घेतली. मागे चार पोरकी मुलं राहिली. त्यांतली सगळ्यात लहान मुक्ता.

पुढे ही मुलं शुद्धिपत्र मिळवायला आळंदीहून पैठणला चालत गेली. आपण शुद्ध आहोत असा कागद मोठ्या माणसांकडून मागायचा, आणि तोही आईवडील गमावल्यावर. त्या वेळी मुक्ताई आठ-नऊ वर्षांची. म्हणजे आजची तिसरी-चौथीतली मुलगी. तिच्या जागी कोणीही असतं तर मनात काय साठलं असतं ते सांगायला नको.

पैठणहून मंडळी नेवाशाला आली. तिथे 1290 मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आपण रोज जिच्या ओव्या वाचतो ती ज्ञानेश्वरी. तेव्हा मुक्ताई अकराची होती. घरात निवृत्तीनाथ गुरू. त्यांना गहिनीनाथांकडून नाथपंथाचा उपदेश मिळाला होता, आणि तो त्यांनी आपल्या तिन्ही भावंडांना दिला. म्हणजे तिचं शिक्षण घरातच झालं, आणि तिचा मोठा भाऊच तिचा गुरू.

आता ताटीची गोष्ट. ताटी म्हणजे झोपडीचं झापाचं दार. एकदा ज्ञानदेव भिक्षेला गेले असताना कोणीतरी त्यांना फार टाकून बोललं. जन्मावरून, आईवडिलांवरून. ज्ञानदेव काही न बोलता परत आले, आत गेले आणि ताटी लावून बसले. कोणाशी बोलेनात.

जरा विचार करा. ज्यांनी जगासाठी एवढं ज्ञान मराठीत आणलं, त्यांचंही मन दुखलं. ही गोष्ट परंपरेने लपवून ठेवली नाही, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. संत म्हणजे ज्याला काही लागतच नाही असा दगड नसतो.

ताटीबाहेर मुक्ताई उभी राहिली. ज्या शब्दांनी भाऊ घायाळ झाला तेच शब्द तिच्याही वाट्याचे होते, कारण आईवडील एकच. तिलाही दुसरं दार लावून रडत बसता आलं असतं. किंवा बाहेर जाऊन त्या माणसाशी भांडता आलं असतं, आणि कोणी तिला चूक म्हटलं नसतं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती दाराशी थांबली आणि भावाला समजावू लागली. तिचं ते समजावणं म्हणजेच ताटीचे अभंग.

त्या अभंगांचा आशय आपल्या भाषेत सांगायचा तर असा. जगाचा ताप थंड करायचं काम ज्याने अंगावर घेतलंय, त्याने स्वतः तापून कसं चालेल? लोकांचे शब्द टोचले तर त्यांतूनही काही शिकता येतं का ते बघ. आणि बोलणारा तरी परका कुठे आहे? दात आणि जीभ दोन्ही आपलेच, मग चूक झाली तर शिक्षा कोणाला करणार? अशी एकेक समजूत घालत ती दर वेळी शेवटी एकच मागणं मागते, ते म्हणजे ताटी उघडण्याचं. ज्ञानदेवांनी ती उघडली.

इथे मला दोन गोष्टी दिसतात. एक, तिने भावाचं दुःख खोटं ठरवलं नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं म्हणून ती मोकळी झाली नाही. आपण घरी बहुतेक वेळा हेच म्हणतो. दोन, तिने दुःखाची बाजूही घेतली नाही. तुझंच बरोबर, ते लोकच वाईट, असं म्हटलं असतं तर भावाला बरं वाटलं असतं, पण ताटी लागलेलीच राहिली असती. या दोन्हींच्या मधली वाट अवघड असते. दुखावलेल्या माणसाजवळ थांबायचं आणि तरीही त्याला द्वेषात बुडू द्यायचं नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने ते केलं. तेराव्या श्लोकाचा अर्थ मला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसला नाही.

आता मांड्यांची गोष्ट. चिमुरड्या मुक्ताईला मांडे करायचे होते. मांडे भाजायला मातीचं खापर लागतं, म्हणून ती कुंभाराकडे गेली. गावात विसोबा नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना या भावंडांचा मनस्वी राग. त्यांनी कुंभाराला खापर देऊ दिलं नाही. पोर रडत घरी आली. मग ज्ञानदेवांनी योगाग्नी चेतवून आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, असं संतचरित्रं सांगतात. विसोबांनी ते पाहिलं, त्यांचा सगळा ताठा गळून पडला आणि ते या मुलांचं उष्टं खायला धावले.

चमत्कार बाजूला ठेवून पुढचं बघा. ज्या माणसाने एका लहान मुलीला साधं खापर मिळू दिलं नाही, तो या भावंडांचा शिष्य झाला. त्याला या घरात जागा मिळाली. विसोबा खेचर हे नाव याच प्रसंगातून पडलं असं मानतात. पुढे हेच विसोबा खेचर संत नामदेवांचे गुरू झाले. नामदेव उत्तरेत पंजाबपर्यंत गेले, तिथलं घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे हे शोधायची सवय लागलीय. इथे ती साखळी उलटी वाचून बघा. पंजाबात नामदेवांची वाणी, तिच्यामागे गुरू विसोबा, विसोबांमागे त्या घराचं उघडं दार. त्या दिवशी या मुलांनी विसोबांना हाकलून दिलं असतं तर? हाकलायला कारण तर भरपूर होतं.

करुणा म्हणजे गोड गोड बोलणं, असा समज असेल तर मुक्ताई तोही मोडते. संतांची मंडळी तेरढोकीला गोरोबाकाकांकडे जमली होती. मडकी पारखायचं थापटणं तिथे पडलेलं होतं. मुक्ताईने विचारलं, हे कशासाठी? कच्चं-पक्कं मडकं ओळखायला, असं उत्तर आलं. मग आमच्यातलं कोण कच्चं तेही बघा की, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे गप्प राहिले, नामदेव चिडले. मडकं कच्चं ठरलं. नामदेव तिच्यापेक्षा वयाने नऊ-दहा वर्षांनी मोठे, विठ्ठलाचे लाडके. भरल्या सभेत त्यांचं उणं दाखवायचं म्हणजे धाडसच. पण त्या थापटीमुळेच नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि विसोबांपर्यंत पोचले.

चांगदेवांचंही तसंच. चौदाशे वर्षं जगलेला योगी अशी त्यांची ख्याती. ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं, पण मायना काय लिहावा ते सुचेना. वयाने मुलगा लहान आणि ज्ञानाने मोठा. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षं जगूनही हे कोरेच राहिले. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. पण गोष्ट त्या बोलण्यावर संपत नाही. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईलाच. ज्याला कोरा म्हटलं त्याला शिकवायची जबाबदारीही तिने घेतली. दुसऱ्याची चूक दाखवणारे पुष्कळ असतात. ऑफिसात तर मीटिंगा भरून असतात. चूक दाखवून मग त्याच्या शेजारी बसणारे विरळा.

1296 मध्ये कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. महिन्याभरातच सोपानदेव सासवडला गेले. एका पाठोपाठ दोन भाऊ. उरलेली दोघं, निवृत्तीनाथ आणि मुक्ताई, तीर्थयात्रेला निघाली. 1297 च्या वैशाखात तापीकाठी मेहूण इथे वीज कडाडली आणि मुक्ताई त्या प्रकाशात दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. वय जेमतेम अठरा. जळगाव जिल्ह्यातल्या त्या भागाला आज मुक्ताईनगर म्हणतात. तिथून दर वर्षी निघणारी तिची पालखी महिनाभराहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. आणि योगायोग बघा, ज्या खानदेशात ती विसावली, तिथे आजही घरोघरी मांडे उपड्या खापरावर भाजतात.

काही जण म्हणतील, ती आदिमायाच, आपल्या पोरांची तिच्याशी काय तुलना? मला हे पटत नाही. आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एक मुलगा नवीन राहायला आला. बोलताना अडखळतो, म्हणून क्रिकेटमध्ये त्याला कोणी घेईना. दुसरीतल्या एका मुलीने स्वतःची बॅटिंगची पाळी त्याला देऊन टाकली. दोन मोठी मुलं तिच्यावर हसली. ती हलली नाही, स्टंपमागे जाऊन उभी राहिली. मी बाल्कनीतून बघत होतो. तिला ना अभंग येत होते, ना बारावा अध्याय. पण समोरचं दार बंद आहे आणि आपण बाहेर उभं राहून ते वाजवायचं आहे, एवढं तिला कळलं होतं. संतचरित्रं आपल्याला एवढ्यासाठीच दिलेली असतात, की असं काही घडलं तर ते आपल्याला ओळखू यावं.

आणि मुलांनी असं काही केलं तर आपण काय करतो? बहुतेक वेळा शहाणपणा शिकवतो. तू कशाला मध्ये पडतेस, तुझी पाळी का घालवलीस. निवृत्तीनाथांनी आपल्या धाकट्या बहिणीला गप्प बसवलं नाही. ज्ञानदेवांनी, स्वतः ज्ञानेश्वरी सांगितलेली असूनही, तिचं ऐकून दार उघडलं. मुक्ताई घडली त्यात तिचं ऐकणाऱ्या भावांचाही वाटा आहे.

आजचा संकल्प साधा ठेवूया. घरात, ऑफिसात किंवा शेजारी कोणी ताटी लावून बसलं असेल, तर आज एकदा तिथे जायचं. दुःख खोटं ठरवायचं नाही आणि द्वेषाला खतपाणीही घालायचं नाही. फक्त थांबायचं आणि हाक मारायची. आणि आपल्याच ताटीवर एखादं लहान मूल टकटक करत असेल, तर उठून उघडायचं.

आदिशक्ती मुक्ताई माउलींच्या चरणी दंडवत. उद्या चौदावा श्लोक.

राम कृष्ण हरी.