आठवड्याचा एक सू : धन्यवादित पॉलीन जारिको यांचें चरित्र

मिशन-रविवारीं ख्रिस्तमंदिरांत फिरणाऱ्या झोळींत नाणें टाकतांना, तें पुढें कोठें जातें, हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येत असेल. तें नाणें ज्या वाटेनें जातें ती वाट फ्रान्स देशांतील लियों शहरच्या एका रेशीमवाल्याच्या मुलीनें आंखून दिली. महोत्सवाच्या या अंकांत देणगीदारांचीं नांवें आदरानें छापलीं जात असतां, जिनें देणगी गोळा करण्याची रीतच पालटली आणि जी स्वतः कर्जांत बुडून निर्धन मेली, तिचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

पॉलीन मारी जारिको हिचा जन्म 22 जुलै 1799 रोजीं झाला. सात भावंडांत ती शेंडेफळ. घरीं रेशमाचा मोठा व्यापार, त्यामुळें उंची वस्त्रें, दागिने व मेजवान्या यांत ती वाढली आणि तिला त्यांची आवडहि होती. 1814 सालीं ती स्टुलावरून पडली. त्या पडण्यानें शरीर असें खचलें कीं हालचाल व बोलणें दोन्ही कठीण झालें. त्याच वर्षीं आईहि वारली. बरी झाल्यावर तिनें पुन्हा जुनी राहणी धरली. परंतु 1816 च्या उपवासकाळांत सँ-निझिए ख्रिस्तमंदिरांत फादर व्युर्त्स यांचें वृथाभिमानावरील प्रवचन तिच्या जिव्हारीं लागलें. तिनें रेशमी पोषाख टाकून विणकर बायकांसारखीं जाडींभरडीं वस्त्रें धारण केलीं, असाध्य रोग्यांची शुश्रूषा आरंभिली आणि त्याच वर्षाच्या नाताळांत आजन्म कौमार्याचें व्रत घेतलें. येथवरची कथा अनेक साध्वींच्या चरित्रांत आढळेल. पॉलीनबाईंचें वैशिष्ट्य पुढेंच आहे.

त्यांचे बंधु फिलेआस हे पॅरिस येथें धर्मगुरूपदाचा अभ्यास करीत होते व चीनला मिशनरी म्हणून जाण्याची त्यांस उत्कंठा होती. आशियांतील मिशनांची किती दैना झाली आहे, हें त्यांच्या पत्रांवरून बहिणीस कळे. राज्यक्रांतींत फ्रान्समधील जुने दाते नाहींसे झाले होते. धर्मगुरू निघावयास तयार, परंतु वाटखर्चास पैसा नाहीं. श्रीमंतांच्या दारीं जाणें पॉलीनबाईंस सहज शक्य होतें. त्या गेल्या सँ-व्हालिए येथील आपल्या मेहुण्यांच्या रेशमाच्या कारखान्यांतील कामकरी मुलींकडे, आणि त्यांच्याजवळ त्यांनीं मागितलें काय, तर दररोज एक लहानशी प्रार्थना व आठवड्यास एक सू! एका फ्रँकाचे सू वीस. वर्षाचे बावन्न सू म्हणजे 2 फ्रँक 60 सांतीम. एवढी रक्कम एकदम मागितली असती तर त्या मुलींनीं कोठून आणली असती? आठवड्याचा एक सू मात्र कोणासहि जड नव्हता.

1819 सालच्या शरद् ऋतूंतील एका संध्याकाळीं घरचीं माणसें पत्ते खेळत असतां पॉलीनबाई शेगडीजवळ बसल्या होत्या. तेथें त्यांस संपूर्ण योजना सुचली व त्यांनीं ती पेन्सिलीनें कागदाच्या तुकड्यावर टिपून ठेवली. एकानें दहा जण मिळवावे; दहांच्या प्रमुखानें आपली वर्गणी शंभरांच्या प्रमुखाकडे द्यावी, त्यानें ती हजारांच्या प्रमुखाकडे, व तेथून ती एका मध्यवर्ती पेटींत जावी. थेंबें थेंबें तळें सांचे, असें आपण म्हणतों खरें. पण थेंब तळ्यापर्यंत नेणारा पाट कोणीं खणावा, तें म्हण सांगत नाहीं. पॉलीनबाईंनीं तो पाट खणला. वीस वर्षांची पोर पैसे गोळा करते, म्हणून कांहीं धर्मगुरूंनीं नाकें मुरडलीं. तरीहि 1820 सालीं पहिली रक्कम पॅरिसच्या परदेशी मिशनांच्या संस्थेकडे रवाना झाली.

अमेरिकेंतील लुइझियानाचे बिशप द्युबुर्ग हेहि आपल्या धर्मप्रांतासाठीं लियोंमध्यें मदत शोधीत होते. एकाच प्रांतासाठीं संस्था नको, सर्व जगांतील मिशनांसाठीं हवी, असा निर्णय करून लियोंच्या कांहीं सद्गृहस्थांनीं 3 मे 1822 रोजीं श्रद्धाप्रसार संस्था स्थापिली. दहांची व शंभरांची रचना त्यांनीं पॉलीनबाईंचीच उचलली. बाई स्वतः त्या बैठकीस नव्हत्या. पहिल्या वर्षीं सुमारें 23,000 फ्रँक जमले व ते पूर्वेकडील मिशनें, लुइझियाना आणि केंटकी यांस वांटले गेले. पुढें हिंदुस्थानांतील मिशनांसहि या पेटींतून साह्य मिळालें. बंधु फिलेआस धर्मगुरू झाले, परंतु चीनचें दर्शन न होतांच 1830 सालीं वारले.

1826 सालीं पॉलीनबाईंनीं ‘जिवंत जपमाळ’ सुरू केली. पंधरा जणांनीं जपमाळेचीं पंधरा रहस्यें वांटून घ्यावीं व प्रत्येकानें रोज एकच म्हणावें. हिशेब पुन्हा तोच. 1835 सालीं त्या मरणोन्मुख अवस्थेंत रोमला पोंचल्या, तेव्हां पोप सोळावे ग्रेगरी स्वतः त्यांच्या रुग्णशय्येपाशीं आले.

लियोंच्या विणकरांनीं मजुरीसाठीं 1831 व 1834 सालीं उठाव केले आणि सैन्यानें ते चिरडले. दूरच्या देशांतील दरिद्र्यांची चिंता वाहणाऱ्या या बाईंस दारचा मजूर विसरतां आला नाहीं. रास्त मजुरी, राहण्यास घर, मुलांना शाळा व जवळ ख्रिस्तमंदिर, अशी कामकऱ्यांची वसाहत वसविण्यासाठीं त्यांनीं 1845 सालीं दक्षिणेकडील रुस्त्रेल गांवीं लोखंड गाळण्याची भट्टी घेतली. स्वतःची संपत्ति ओतलीच, शिवाय अनेक गरिबांनीं आपली शिल्लक विश्वासानें त्यांच्या हातीं दिली. ज्यांच्यावर कारभार सोंपविला त्यांनींच फसविलें. पैसा गेला व भट्टी थंडावली. बाईंची येथें चूक झाली हें झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. माणसें पारखण्यांत त्या कमी पडल्या, आणि दुसऱ्यांचा पैसा हातीं असतां तो दोष लहान नव्हे. परंतु त्यांनीं तो फेडला कसा, तें पाहावें. लहान ठेवीदारांची पै न पै परत करण्यासाठीं त्या उरलेलें आयुष्य दारोदार हात पसरीत फिरल्या. श्रद्धाप्रसार संस्थेकडेहि त्यांनीं साह्य मागितलें. संस्थेच्या चालकांनीं तें नाकारलें. इतकेंच नव्हे, तर संस्थेची जननी म्हणून त्यांस ओळखहि दिली नाहीं. ज्या पेटींत जगांतील गरिबांचे पैसे जमत होते त्या पेटीस त्यांनीं कधीं दूषण दिलें नाहीं. ठकविणाऱ्यांसहि क्षमा केली. आर्सचे पाळक संत जॉन व्हियानी यांचा स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला. लियों शहराच्या निराधारांच्या यादींत नांव नोंदविलेल्या स्थितींत, बरेंच कर्ज डोक्यावर असतांना, 9 जानेवारी 1862 रोजीं, वयाच्या 62 व्या वर्षीं त्यांनीं देह ठेवला.

1881 सालीं पोप तेरावे लिओ यांनीं या कार्याच्या उगमाचें श्रेय त्यांस दिलें. 3 मे 1922 रोजीं पोप अकरावे पायस यांनीं संस्थेस पोपमहाशयांच्या छत्राखालीं घेऊन तिचें ठाणें लियोंहून रोमला हलविलें. 1926 सालीं मिशन-रविवार पाळण्याचें ठरविण्यांत आलें. गरीब धर्मप्रांतहि त्या दिवशीं आपला वांटा घालतात, आणि त्याच निधींतून धर्मशिक्षक, शाळा, दवाखाने व नवीं ख्रिस्तमंदिरें यांस मदत पोंचते. पॉलीनबाईंस 22 मे 2022 रोजीं लियों येथें धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें. जिच्या पहिल्या पैशांचा ओघ आशियाकडे गेला, तिच्या गौरवाच्या मिस्साविधीचे अग्रणी फिलिपाइन्सचे कार्डिनल ताग्ले होते. ज्या सँ-निझिए मंदिरांत तिनें तें प्रवचन ऐकलें, तेथेंच तिची समाधि आहे.