जेम्स रेनेल

मेजर जेम्स रेनेल यांचे नाव भारताच्या नकाशाशी जोडले गेले आहे. सागरी प्रवाहांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांतही ते अग्रगण्य होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

रेनेल यांचा जन्म ३ डिसेंबर १७४२ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात झाला. वडील लढाईत मारले गेले होते. कोवळ्या वयात, १७५६ साली, ते आरमारात दाखल झाले. पुढे १७६४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या भूमापनाचे काम त्यांच्यावर सोपवले. गंगा व ब्रह्मपुत्रा यांची सतत बदलणारी पात्रे मोजण्यात त्यांची उमेदीची तेरा वर्षे गेली. भूतानच्या सीमेजवळ संन्याशांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत त्यांच्यावर तलवारीचे वार झाले. उघड्या नावेत पालथे झोपवून, जखमांवर कांद्याचे पोटीस लावून त्यांना ढाक्याला आणण्यात आले. ते वाचले, पण प्रकृती कायमची खालावली. त्यांच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशात मराठ्यांच्या अमलाखालील झाशी-बुंदेलखंडाचा मुलूखही होता.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली नावाची खडकाळ बेटे आहेत. १७०७ साली तेथे चार युद्धनौका खडकांवर आदळल्या आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्या काळी वेग व दिशा यांच्या हिशेबावरून कप्तान जहाजाचे स्थान ठरवीत. पाण्याने जहाज किती वाहवत नेले, हे त्या हिशेबात येत नसे. १७७७ साली भारत सोडून परतणाऱ्या रेनेल यांनी वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील प्रवाहाचा अभ्यास केला. पुढे अचूक वेळ दाखवणाऱ्या क्रोनोमीटर या घड्याळामुळे जहाजाचे खरे स्थान कळू लागले. हिशेबाचे स्थान आणि खरे स्थान यांतील फरक म्हणजेच प्रवाहाचे काम, हे रेनेल यांनी जाणले. कप्तानांना जी चूक वाटे, तीच त्यांना माहिती वाटली!

जोरदार पश्चिमी वाऱ्यांनंतर सिलीजवळ जहाजे उत्तरेकडे ढकलली जातात, असे त्यांनी १७९३ मध्ये दाखवून दिले. या प्रवाहाला त्यांचेच नाव मिळाले. त्यानंतर लंडनमधील आपल्या घरी बसून त्यांनी शेकडो जहाजांच्या नोंदवह्या पडताळल्या. प्रत्येक जहाज त्यांच्या लेखी पाण्यावर सोडलेला एक तरंगता बोयाच होता.

आज खरेखुरे बोये समुद्रात सोडले जातात आणि उपग्रहाद्वारे त्यांचा माग काढला जातो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही हिंदी महासागरात असे बोये सोडले आहेत. रेनेल यांच्या नावाचा प्रवाह सतत वाहत नाही, हेही आता समजले आहे.

२९ मार्च १८३० रोजी रेनेल यांचे निधन झाले. अटलांटिक महासागराच्या प्रवाहांवरील त्यांचा ग्रंथ तोवर छापला गेला नव्हता. भारतातून परतताना सेंट हेलेना बेटावर जन्मलेली त्यांची कन्या जेन हिने तो १८३२ साली प्रसिद्ध केला.