विश्लेषण : खाणीतल्या कॅनरीपासून गॅस डिटेक्टरपर्यंत… कोण होते जॉन स्कॉट हाल्डेन?

रिफायनरीत किंवा रासायनिक कारखान्यात खांबांवर, भिंतींवर छोट्या डब्या बसवलेल्या दिसतात. हे फिक्स्ड गॅस डिटेक्टर. गळती झाली की माणसाच्या लक्षात येण्याआधी ते अलार्म देतात. माणसाच्या शरीरावर याबाबत विसंबता येत नाही, हे स्वतःवर प्रयोग करून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन स्कॉट हाल्डेन.

स्वतःवरच प्रयोग

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिनबर्गला झाला. १८८४ मध्ये ते तिथेच डॉक्टर झाले. पण दवाखाना न थाटता त्यांनी डंडी शहरातल्या दाटीवाटीच्या घरांतली हवा तपासायला घेतली. पुढे ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा पिच्छा पुरवला. या वायूला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. हाल्डेन स्वतः तो हुंगत बसायचे आणि ठरावीक वेळाने आपले रक्त तपासायचे. एका प्रयोगात तर निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापले होते. हे प्रयोग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

टायलर्सटाउनला काय दिसले?

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ कामगार गेले. स्फोटाने किंवा भाजून ते मेले असावेत, असा सर्वसाधारण समज होता. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले तेव्हा बहुतेकांची त्वचा लालसर गुलाबी होती. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण. म्हणजे स्फोटातून अनेक जण वाचले होते. नंतर पसरलेल्या वायूने त्यांना गाठले. वेळेत इशारा मिळाला असता तर? हाल्डेन यांचे पुढचे काम याच प्रश्नाभोवती फिरले.

उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेतच होते. एकाच हवेत माणूस आणि उंदीर ठेवले तर उंदीर आधी आडवा होतो. लहान जिवाचा श्वास जलद, त्यामुळे विषही लवकर भिनते. कॅनरी पक्षी त्याहून सोयीचा, कारण दांडीवरून पडला की लगेच दिसतो. हाल्डेन यांच्या शिफारशीनंतर बचाव पथके पिंजरा घेऊन खाणीत उतरू लागली. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची नळी जोडलेली असे, पक्ष्याला शुद्धीवर आणायला.

डिटेक्टर नेमका कुठे लावायचा?

हाल्डेन यांचा मुलगा पुढे प्रसिद्ध झालेला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. अखेरची काही वर्षे ते भारतातच राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. लहानपणी वडिलांनी त्यांना मिथेन साचलेल्या खाणीत नेले आणि उभ्याने शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय गेले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका, हे त्याला असे शिकवले गेले. (आजचे पालक हे वाचूनच घाबरतील.)

डिटेक्टरची जागा याच नियमाने ठरते. मिथेनसाठी तो छताजवळ, एलपीजी किंवा क्लोरीनसाठी जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचे वजन जवळपास हवेइतकेच, म्हणून तो नाकाच्या उंचीवर.

शेवटपर्यंत हवाच

१९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी विषारी वायू सोडला. तो क्लोरीन असल्याची खात्री करायला हाल्डेन यांनाच पाठवले गेले. पाणबुड्यांनी वर येताना कुठे, किती थांबायचे याची कोष्टकेही त्यांचीच. पंचाहत्तरीत ते तेल उद्योगातल्या उष्माघाताचा अभ्यास करायला इराणला गेले. परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले.

कॅनरी कधी गेली?

ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी हटवण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. तिची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली. पण एक फरक उरतोच. पक्षी मेला की दिसतो. ज्वलनशील वायूंसाठी वापरला जाणारा कॅटॅलिटिक सेन्सर सिलिकॉनच्या वाफेने निकामी झाला, तरी पडद्यावर शून्यच दाखवत राहतो. हवा स्वच्छ असतानाही आकडा तोच. म्हणून ठरावीक दिवसांनी माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस त्याच्यावर सोडून अलार्म वाजतो का, हे पाहावे लागते.