रॉबर्ट कॉख: कॉलराचा जंतू वेगळा काढून दाखवणारा डॉक्टर

मी दासगावचा. आमच्याकडे सावित्रीचं पाणी चढलं आणि विहिरी गढूळ झाल्या की जुलाब-उलट्यांची धास्ती असतेच. अशा वेळी डॉक्टर स्टूल टेस्ट सांगतात. पण त्या नमुन्यात अब्जावधी जंतू असतात, आणि बहुतेक निरुपद्रवी. मग त्यातला नेमका गुन्हेगार लॅब कसा शोधते? याचा पाया घालणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म 11 डिसेंबर 1843 चा, जर्मनीतल्या क्लाउस्थालचा. ते आधी साधे गावाकडचे डॉक्टर होते. घरातच छोटी प्रयोगशाळा मांडून त्यांनी 1876 मध्ये अँथ्रॅक्सचा जंतू सिद्ध केला, तर 1882 मध्ये क्षयाचा.

त्यांची मोठी अडचण होती जंतू वेगळे करण्याची. पातळ रश्शात सगळे एकत्रच वाढायचे. म्हणून त्यांनी रश्शात जिलेटिन घालून तो घट्ट केला. आता प्रत्येक जंतू आपापल्या जागी वाढून वेगळा ठिपका करू लागला. पण जिलेटिन उष्णतेने वितळायचं. त्यावर उपाय आला स्वयंपाकघरातून! त्यांचे सहकारी हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी आगर सुचवलं. आपण पुडिंगला वापरतो ते चायना ग्रास म्हणजे हेच.

1883 मध्ये कॉख कॉलराच्या मागावर आधी इजिप्तला आणि मग कोलकात्याला आले. इटलीच्या पाचिनी यांनी हा जंतू 1854 मध्येच पाहिला होता, पण तो वेगळा काढून वाढवला कॉख यांनी, जानेवारी 1884 मध्ये. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: या जंतूला आम्ल सोसत नाही, अल्कधर्मी खाद्य मानवतं.

आजच्या लॅबमध्ये हीच गोष्ट कामी येते. कॉलराचा संशय असेल तर नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात काही तास ठेवतात, म्हणजे कॉलराचा जंतू इतरांच्या पुढे जातो. मग टीसीबीएस नावाच्या हिरव्या प्लेटवर लावतात. त्यातले पित्तक्षार बाकीच्या बऱ्याच जंतूंना रोखतात, आणि कॉलराचा जंतू साखर आंबवून पिवळे ठिपके करतो. मॅकॉन्की प्लेटचं काम वेगळं. तिथे नेहमीचा ई. कोलाय गुलाबी दिसतो, तर टायफॉइडचा आणि शिगेला हे जंतू रंगहीन. फक्त हीच प्लेट वापरली, तर कॉलराचा जंतू सहज नजरेतून सुटू शकतो. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह, आणि रोग मात्र गावात फिरतोय!

कॉख यांचं सगळंच जमलं असं नाही. 1890 मध्ये त्यांनी क्षयावर आणलेलं ट्यूबरक्युलिन औषध म्हणून फसलं. निदानासाठी मात्र ते उपयोगी ठरलं. 1897 मध्ये ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईलाही आले होते. 1905 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि 27 मे 1910 रोजी ते वारले.

आता तुमच्या कामाचं. मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली की नुसतं 'निगेटिव्ह' वाचून थांबू नका. कोणते जंतू शोधले तेही बघा. पाण्यासारखे जुलाब असतील, तर लॅबच्या फॉर्मवर कॉलराचा संशय लिहायला डॉक्टरांना सांगा. शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना द्या. ओआरएस मात्र लगेच सुरू करा, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची नाही.