चंपूताईंचे तिकीट

बाईचे गाणे ऐकायला तिकीट काढावे, थिएटरात खुर्चीवर बसावे, शेजारी बायकोला आणि आईलाही बसवावे, यात आज कुणाला काही वाटणार नाही. शंभर वर्षांपूर्वी वाटत होते. बाईचे गाणे ऐकायचे ते दरबारात, दिवाणखान्यात, नाहीतर कुण्या धनिकाच्या खासगी बैठकीत, आणि ऐकणारे बहुतेक पुरुष. हे बदलण्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा मोठा. तिकीट लावून जाहीर जलसा करणारी पहिली बाई म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. या तिकिटाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यामागचा जमाखर्च मात्र कमी लोक मांडतात. मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांची खाती तपासली, तेव्हा हेही खाते जरा उघडून पाहतो.

हिराबाई जन्मल्या १९०५ साली, मिरजेत. वडील किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दरबारच्या या गवयाबरोबर बडोदे सोडून निघालेल्या. मुलगी चंपाकली, म्हणून घरात चंपू. पुढे सगळ्यांची चंपूताई. मुले वाढत असतानाच ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावे बदलली. थोरला अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला, चंपाकलीची हिराबाई झाली, धाकटी सकीना सरस्वती. विशीही न गाठलेल्या मुलीला नवे नाव मिळाले आणि जुने उंबऱ्याबाहेर राहिले. तबकडीवर पुढे छापले गेले ते बडोदेकर. वडिलांचे नाव त्यावर नव्हते, त्यांचा सूर मात्र आत होता. तो कुणाला पुसता आला नाही.

तालीम दिली ती भाऊ सुरेशबाबूंनी आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी. सावकाश एकेक स्वर उलगडत नेणारी ही गायकी. पण तबकडीच्या एका बाजूला वेळ जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. हिराबाईंनी तेवढ्यातही सूर ठेवण्याची घाई केली नाही, हे मला नेहमी मोठे वाटत आले आहे. ख्याल, नाट्यपद, भजन, ‘उपवनी गात कोकिळा’सारखे भावगीत, सगळे त्या तबकड्यांवर आले आणि जिथे त्यांचा जलसा कधीच पोहोचला नसता तिथे पोहोचले.

भिवापुरातही पोहोचले. हे आमचे मिरचीचे गाव, तेव्हा नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीचे. बाजारात एका अडत्याकडे रेकॉर्डप्लेअर होता. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका अंगणात, आणि आम्ही पोरे दाराशी. त्या घरची एक गंमत सांगतो. हिराबाईंची तबकडी लागली की घरच्या सुना माजघरातून ओसरीवर येऊन बसत. लावणीची लागली की त्याच सुनांना आत पिटाळले जाई. बायकाच गात होत्या, दोन्हीकडे.

ही चाळणी हिराबाईंनी लावली नव्हती. पण त्या तिच्यातून पार झाल्या, आणि त्यासाठी त्यांना फार सांभाळून वागावे लागले. साधी साडी, डोळे खाली, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव बेताचेच. घरातली बाई देवापुढे बसावी तशी बैठक. ती त्यांचा स्वभावच होती असे सांगतात, असेलही. तरी मला वाटते, गाणाऱ्या पुरुषाला स्वतःची अशी राखण करावी लागली नाही.

पुढे त्यांनी आणखी मोठी उडी घेतली. १९२९ साली माने भावंडांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ अशी जुनी नाटके. पण सुभद्रेचे काम करायला बाई. हिराबाई, बहीण कमलाबाई, धाकटी सरस्वती, अशा बहिणी एका रंगमंचावर. बालगंधर्वांचा तो काळ. शालू नेसलेल्या पुरुषाला डोळे भरून पाहणारे प्रेक्षक खऱ्या बाईला पाहून बिचकत. ‘आंधळ्यांची शाळा’ आली १९३३ साली आणि स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याच्या इतिहासात तिचे नाव पक्के झाले. बहिणींची कंपनी तिच्या चार वर्षे आधीची, हे आपण सहसा विसरतो.

कंपनी टिकली नाही. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचे धंदे बसले. मागे राहिले कर्ज, आणि ते फेडायला हिराबाईंपाशी होते ते गाणे. अमेरिकेत तीन मुलींचा टीएलसी नावाचा गट होता, रॅप आणि गाणे करणारा. १९९४ साली निघालेला त्यांचा दुसरा अल्बम लाखोंनी खपला. तरी १९९५ साली त्या मुलींना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. देश वेगळा, गाणे वेगळे, काळ तर फारच वेगळा. पण गाणाऱ्या बाईचे नाव गाजते आहे याचा अर्थ तिच्या हाती पैसा आहे असा नव्हे, हे बँकवाल्याला चटकन कळते. हिराबाईंनी अर्ज केला नाही. जलसे केले, तबकड्या दिल्या, ‘सुवर्णमंदिर’ आणि ‘प्रतिभा’सारख्या चित्रपटांतही उभ्या राहिल्या.

मानसन्मान नंतर आले. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे पुढे जगभर गायल्या, आणि त्यांना मान खाली घालून बसावे लागले नाही.

मला मात्र ऐकावीशी वाटते ती सरस्वती राणे यांच्याबरोबरची जुगलबंदी. ‘रामराज्य’ चित्रपटातल्या ‘बीना मधुर मधुर कछु बोल’मुळे सरस्वतीबाई १९४३ सालीच घरोघर माहीत झाल्या होत्या. १९६०च्या दशकात दोघी बहिणी एकत्र गाऊ लागल्या. दोन बायकांनी जुगलबंदी करावी हे तेव्हा नवेच; एचएमव्हीने तिची तबकडीही काढली. तीत चढाओढ नाही. थोरली सूर लावते, धाकटी तो हातातले काम घ्यावे तसा घेते आणि पुढे नेते. दोघींच्या आवाजात वडील ऐकू येतात, ज्यांचे नाव दोघींनीही लावले नाही. हिराबाई १९८९ साली गेल्या. सरस्वतीबाई पुढे सतरा वर्षे होत्या.